डावीकडे ओढणारी गाडी

राधानगरी रस्त्यावर, भोगावतीच्या पुढे, माझ्या हातातलं स्टिअरिंग पहिल्यांदा आपणहून वळलं. रविवारची सकाळ होती. आम्ही दोघं माझ्या दिराच्या गावी निघालो होतो. आमच्या घरात गाडी मी चालवते. ह्यांनी स्कूटर विकल्यापासून कशालाच हात लावलेला नाही. समोर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर होता आणि मी अंतर राखून शांतपणे चालले होते. तेवढ्यात चाक डावीकडे सरकलं. झटका वगैरे नाही, शेजारच्या माणसानं दोन बोटं लावून वळवावं इतकंच. पण डाव्या अंगाला दुधाचे कॅन बांधलेला मोटारसायकलवाला होता. मी चाक उजवीकडे खेचलं आणि ब्रेक दाबला.

"ओ पावणं, डोळं हायत का न्हाईत?" तो ओरडला. मग काचेतून मला बघून म्हणाला, "बाई हाय व्हय!" आणि सगळं कळल्यासारखी मान हलवून निघून गेला.

"काय केलंस गं?" ह्यांनी विचारलं.

"मी काही नाही केलं. गाडीनं केलं."

हे माझ्याकडे बघत राहिले. त्या बघण्याचा अर्थ मला नीट कळला.

गाडी नवी होती. रस्त्यावरचा पट्टा सोडून आपण भरकटायला लागलो की स्टिअरिंग स्वतः थोडं वळून गाडी मध्ये आणतं, ही सोय तिच्यात होती. घेतली तेव्हा हायवेवर मी ती वापरून पाहिली होती आणि तेव्हा ती शहाण्यासारखी वागली होती. तरी माझा तिच्यावर पुरता विश्वास कधीच नव्हता. जी गोष्ट न विचारता मदत करते, ती न विचारता आणखी काय करेल, असं मला वाटायचं. आता ती दर चार-पाच किलोमीटरवर मला गटाराकडे नेऊ लागली होती.

शोरूमच्या वर्कशॉपमध्ये गेले, हेही बरोबर आले. तिथल्या माणसानं एक चक्कर मारली, तीही गल्लीतल्या गल्लीत, जिथे पट्टाच नाही. परत येऊन म्हणाला, "गाडी ओके आहे मॅडम. काही जण नकळत एका बाजूला जातात. सवय होईल हळूहळू." बोलत माझ्याशी होता, पण बघत ह्यांच्याकडे होता. आणि ज्यांना मोटारीचा क्लच कुठे असतो ते माहीत नाही, ते हे गंभीरपणे मान डोलावत होते.

त्यानंतर मी स्वतःवरच संशय घ्यायला लागले. शाळेत भूगोल शिकवताना फळ्यावरची ओळ खाली उतरते का, हे वर्गाच्या मागे जाऊन बघायला लागले. डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाल्या, चष्म्याचा नंबरसुद्धा बदललेला नाही. ते घरी सांगितलं तर हे म्हणाले, "डोळ्यांचं नाही गं, लक्षाचं असेल. हल्ली तुझं लक्ष नसतं." मी भाकरी थापत होते. ती जरा जास्तच पातळ झाली.

पुढच्या वेळी गावी गेल्यावर मी दिराच्या हातात किल्ली दिली. हा माणूस म्हशी सांभाळतो, दूध डेअरीला घालतो आणि ट्रॅक्टरपासून टेम्पोपर्यंत काहीही चालवतो. मी त्याला काहीच सांगितलं नाही. फक्त म्हटलं, "भावजी, जरा मोठ्या रस्त्याला फिरवून आणा." मी मागे बसले, हे पुढे.

गाव सुटलं, पांढरे पट्टे सुरू झाले आणि दिरानं चाक घट्ट धरलं.

"वैनी, ही डाव्या अंगाला वढतीया की!"

"खरंच?"

"मग काय खोटं सांगतोय व्हय? धरून बसाय लागतंय. कुठं ठोकली हुती का?"

"ठोकली नाही. डंपरच्या चाकातून खडा उडाला आणि समोरची काच तडकली, तेवढंच. ती बदलली."

बोलता बोलताच माझी नजर त्या काचेवर गेली. आरशाच्या मागे काळी डबी चिकटवलेली आहे, तिच्यात कॅमेरा असतो. पट्टे तोच बघतो. काच बदलायची म्हणजे तो कॅमेरा काढून पुन्हा बसवला असणार. तो केसभर जरी तिरका बसला, तरी गाडीला रस्ता तिरकाच दिसणार. आणि काच बदलण्याआधी ही ओढ कधीच नव्हती.

काच ह्यांनी बदलून आणली होती. म्हणजे ओळखीच्या काचवाल्याला घरी बोलावून गाडी त्याच्याबरोबर पाठवली होती. मी पुढच्या सीटकडे बघितलं. हे खिडकीबाहेर भाताची खाचरं बघत होते, फारच लक्ष देऊन.

"अहो, काचवाला कॅमेऱ्याबद्दल काही बोलला होता का?"

"आता एवढं कुठलं आठवतंय?"

"बोलला होता का?"

मग म्हणाले, "शोरूमला एकदा दाखवून घ्या, असं काहीतरी म्हणाला होता. मला वाटलं, असंच बोलायचं म्हणून बोलतोय."

दिरानं गाडी कडेला घेतली आणि भावाकडे तोंड वासून बघितलं. "आन् मला फोनवर वैनीचं लक्ष नसतंय म्हनत हुतास?" मला भयंकर राग आला होता, पण दिरासमोर भांडायची आमच्यात पद्धत नाही. परतताना गाडीची ती सोय मी बटण दाबून बंद केली; आधीच केली असती तर चूक माझीच ठरली असती.

दुसऱ्या आठवड्यात वर्कशॉपमध्ये मी एकटी गेले. "काच बदलल्यावर कॅमेरा जुळवला नव्हता," एवढंच सांगितलं. तोच माणूस या वेळी माझ्याकडे बघून बोलला. सपाट फरशीवर गाडी उभी करून त्यांनी समोर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा फलक ठेवला, अंतर टेपनं मोजलं, कॉम्प्युटर जोडला. मी खुर्ची ओढून शेवटपर्यंत तिथेच बसले. मग त्याला शेजारी बसवून हायवेला घेतली. गाडी पट्ट्यांच्या बरोबर मधून चालली.

"आता याची सेटिंग मला दाखवा. सगळी," मी म्हटलं.

तेव्हा कळलं की चाक वळवणं बंद ठेवून नुसता इशारा चालू ठेवता येतो. पट्टा ओलांडला की चाक हातात थरथरतं, बस. इशारा लवकर हवा की उशिरा, तेही निवडता येतं. गाडी देताना यातलं एक अक्षर कुणी सांगितलं नव्हतं. गावच्या रस्त्याला मी नुसता इशारा ठेवते, तोही उशिराचा, कारण तिथे ट्रॉली, म्हैस, सायकल असं काहीही चुकवायला पट्टा ओलांडावाच लागतो. चाक वळवण्याची परवानगी फक्त हायवेला. तिथेही रुंदीकरणाच्या कामात जुने पट्टे अर्धवट पुसलेत, नवे त्यांच्यावरून तिरपे गेलेत. अशा जागी गाडी क्षणभर जुन्या पट्ट्याच्या नादाला लागते. माझे हात सैल नसतात.

ह्यांनी माफी अशी मागितली नाही. नृसिंहवाडीहून परत येताना चहाला थांबलो, तेव्हा बशीत चहा ओतत म्हणाले, "तुझ्या लक्षाबद्दल मी उगाच बोललो." मी "हं" म्हटलं. मग त्यांनी विचारलं, त्या काळ्या डबीला पावसात दिसतं का. मी सांगितलं, जोराचा पाऊस असला की ती स्वतःच बंद पडते आणि समोर तसं चिन्ह येतं.

"म्हणजे निदान कबूल तरी करते," हे म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता दुसरा चहा सांगितला.