तोंडातल्या टाचण्या

शिवणबाई बोलायच्या तेव्हा त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात निदान चार टाचण्या धरलेल्या असायच्या. एकोणतीस वर्षं त्यांनी त्या शाळेत शिवण शिकवलं, आणि एवढ्या वर्षांत एक टाचणी गिळली नाही की एक शब्द वाया घालवला नाही. गळ्यात टेप, कानामागे खडूचा तुकडा. "हंऽ, हात वर. पोट आत ओढू नकोस. समारंभात बटण उडेल आणि थेट मोठ्या बाईंच्या डोळ्यात जाईल." मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. पोरं खिदळायची, पोट आपोआप बाहेर यायचं आणि बाई माप टिपून घ्यायच्या.

त्या शाळेची एक रीत होती. शेवटच्या वर्गाच्या निरोपाला भाषणं नसत. मोठेपणी आपण कोण होणार, त्या वेषात प्रत्येकाने विंगेतून रंगमंचावर यायचं. आणि तो दिसला रे दिसला की खाली बसलेल्या वर्गाने त्याची एखादी जुनी आठवण ओरडून सांगायची. मग रंगमंचावरच्या मोठ्या माणसाने तिला उत्तर द्यायचं.

"अहो डॉक्टरीणबाई, बेडूक बघून तुम्ही बेशुद्ध पडला होतात!"

"म्हणून तर मी फक्त माणसं तपासते!"

असं चाले. हसून हसून डोळ्यांत पाणी, आणि कुणाचं पाणी कशाचं हे शेवटी शेवटी कुणालाच सांगता येत नसे. मी चांगली चांगली नाटकं पडलेली पाहिली आहेत. एक वर्ष सोडलं तर हा खेळ कधी पडला नाही.

कोण काय होणार हे त्या दिवसापर्यंत एकट्या शिवणबाईंना ठाऊक असे. वर्षाच्या सुरुवातीला मापं घेताना पोरं त्यांच्या कानात सांगायची. पुढे पोरं वाढतात, म्हणून बाई प्रत्येक कपड्यात तीन बोटं कापड आत दुमडून ठेवत. पुढे त्यांचं काय होतं तेही बाईंना दिसे. डॉक्टरचा पांढरा कोट चोवीस जणांनी घातला, त्यातले दोघे डॉक्टर झाले. विमान चालवायला निघालेली एक पोरगी बसस्टँडवर तिकिटं देत होती. "बाई, विमान नाही, पण खिडकी तरी मिळाली!" असं ती काचेआडून म्हणाली होती. बाई घरी येऊन अक्काला ते सांगताना हसल्या आणि मग बराच वेळ दोरा ओवत बसल्या.

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. पाय गेलेले, जीभ मात्र दणकट. शाळेच्या मागच्या बाजूच्या दोन खोल्यांत दोघी राहायच्या. खोल्या नोकरीबरोबर मिळालेल्या, आणि नोकरीबरोबरच जाणार होत्या.

त्या वर्षीच्या शेवटच्या वर्गात तेहेतीस पोरं होती. त्यांत लंबू आणि पावशेर ही जोडगोळी. लंबू दारातून वाकून यायचा, पावशेर त्याच्या काखेखालून. लंबूने कानात सांगितलं होतं, "जहाजावरचा आचारी. सगळ्या बंदरांवरचं खाऊन बघणार." त्याच्यामागून पावशेर आला. "तू रे?" "त्याच जहाजाचा कप्तान. नाहीतर हा सगळं जेवण स्वतःच संपवेल, बाई."

कप्तानाच्या कोटाला पितळी बटणं हवी होती. बारा. समारंभ दोन महिन्यांवर आला होता, बाईंच्या डब्यात सहाच बटणं निघाली. शाळेच्या वेळात पोराला फाटकाबाहेर सोडायचं नाही असा कडक नियम होता, आणि शिवणबाई तो दरवर्षी मोडायच्या. लेस आण, हुक आण, असं. पोरांनाही तेवढीच हवा लागायची. त्या दिवशी तिसऱ्या तासाला त्यांनी दोघांना बोलावलं.

"बाजारात जा, एकसारखी बारा बटणं आणा. तास संपायच्या आत परत. खाणीवरच्या मधल्या वाटेने जा, लवकर होईल. आणि मी पाठवलं म्हणून गावभर करू नका."

बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत पाणी साचून तळं झालं होतं. येताना काठावर लंबूचा पाय घसरला. पावशेरला पोहता येत नव्हतं. तो पळत सुटला, रस्त्यावरच्या माणसांना घेऊन परत आला, तोवर पाणी पुन्हा स्थिर झालं होतं.

मोठ्या बाईंनी त्याला शिवणाच्या खोलीतच बसवलं, कारण तीच फाटकाला जवळ होती. चिखलाने भरलेला, दात वाजत असलेला.

"तुम्हाला बाहेर कुणी सोडलं?"

पावशेरने शिवणबाईंकडे पाहिलं. एकदाच. शिवणबाई मशीनपाशी उभ्या होत्या.

"कुणी नाही. आम्हीच पळालो."

आणि शिवणबाई गप्प राहिल्या. त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या. पुढे कित्येक दिवस त्यांनी स्वतःची तशीच समजूत घातली. तोंडात टाचण्या असताना माणूस बोलणार कसा?

दुसऱ्या दिवशी मशीनवर कागदाची पुडी होती. कागद चिखलात भिजून वाळलेला. आत बारा बटणं.

वर्गाने पावशेरला वाळीत टाकलं. लंबूला फूस लावून नेलं आणि तो बुडत असताना पळाला, असं एकतीस जणांचं ठरलं. बाकावर त्याच्या शेजारी कुणी बसेना. मग त्याचं नाव समारंभातून काढलं. तो फक्त परीक्षेपुरता येऊ लागला, आणि उरलेला दिवस नाक्यावरच्या टायरच्या दुकानात काम करू लागला.

वर्गाची मॉनिटर शिवणबाईंकडे आली. "त्याचा ड्रेस शिवू नका, बाई. आम्ही एकतीसच आहोत."

बाईंनी दोन्ही शिवले. कप्तानाचा निळा कोट आणि आचाऱ्याचा पांढरा अ‍ॅप्रन. बटणं लावताना अक्का खाटेवरून बघत होती. पावशेरशिवाय एकट्या तिलाच सगळं माहीत होतं.

"छान झालाय. कुणाला घालणार?"

"बघू."

"बघ हो. पोराने तुझ्यासाठी तोंड बंद ठेवलं. तू कुणासाठी ठेवलंयस? माझ्यासाठी? माझं नाव पुढे करू नकोस हं. पडून राहायला कुठलंही छप्पर चालेल मला."

"नोकरी जाईल, अक्का."

"जाईल तर. त्याची शाळा गेलीच की."

समारंभ सकाळी दहाला सुरू झाला. पहिल्या रांगेत लंबूची आई होती, मोठ्या बाईंनी मुद्दाम बोलावलेली. एकतीस जण एकेक करून आले. वकील, नर्स, फौजदार, दोन डॉक्टर. आठवणी ओरडल्या गेल्या, पण प्रत्येक आठवणीत कुठेतरी लंबू होता. सहलीची बस, फुटलेली काच, छतावर अडकलेला चेंडू, आणि तो काढणारा कोण? वाक्य अर्ध्यावर तुटायचं. उत्तर देणारे कसेबसे उत्तर देऊन खाली उतरायचे. हसू आलंच नाही.

एकतिसावा उतरला. पडदा ओढणाऱ्याने दोरीला हात घातला, तेव्हा विंगेतून शिवणबाई बाहेर आल्या. एका हातावर निळा कोट, दुसऱ्या हातावर पांढरा अ‍ॅप्रन. एकोणतीस वर्षांत त्या कधी प्रकाशात आल्या नव्हत्या. वर्ग गोंधळला. बाई मध्यावर थांबल्या, तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि पदराला टोचल्या.

"माझी पण एक आठवण आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला ती माहीत नाही, म्हणून मीच ओरडते."

ओरडल्या मात्र नाहीत. हळूच बोलल्या, पण शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. बटणं. तिसरा तास. मधली वाट. 'गावभर करू नका.' आणि त्या पोराने ते वचन कसं पाळलं तेही.

लंबूची आई उभी राहिली.

"मधल्या वाटेने जा, असं तुम्ही सांगितलंत?"

"हो."

"तुम्ही माझ्या घरी आला होतात. तेराव्या दिवसापर्यंत रोज. माझ्या हातचा चहा प्यायलात."

"हो."

ती पायऱ्या चढून वर आली. वाटलं, आता हात उचलेल. तिने फक्त अ‍ॅप्रन घेतला, त्याची लांबी नजरेने मापली, घडी घातली आणि मधल्या वाटेने, खुर्च्यांच्या रांगांतून, कुणाकडे न बघता निघून गेली. मोठ्या बाईंनी पडदा पाडायला सांगितलं. पडद्यामागे त्यांनी शिवणाच्या खोलीच्या किल्ल्या मागितल्या. शिवणबाईंनी त्या हातातच काढून ठेवल्या होत्या.

तिथून त्या तशाच टायरच्या दुकानावर गेल्या. पावशेर पाण्याच्या टबात ट्यूब दाबून बुडबुडे शोधत होता. बाईंनी सगळं सांगितलं. त्याने मान वर केली नाही.

"कशाला सांगितलंत?"

"तुझ्यावर आळ होता रे."

"आळ होता तो कुणी पाठवलं एवढ्याचाच. तो तर मी मुद्दाम घेतला होता. मी पळालो ते पळालोच ना, बाई? त्याने हाक मारली होती. मला वाटायचं, एवढं एक तोंड बंद ठेवलं तर थोडंतरी..." ट्यूब त्याच्या हातून सुटली आणि पाण्यावर आली. "आता तेही नाही उरलं."

बाईंनी हातावरचा निळा कोट पुढे केला.

"हात धू. कोट घालून बघ."

"नको."

"मापापुरता."

त्याने चिंधीला हात पुसले आणि कोट चढवला. बाह्या मनगटाच्या बऱ्याच वर राहिल्या. माप घेतल्यापासून पोरगा वाढला होता; आता त्याला पावशेर म्हणणं अवघड होतं. बारा बटणं उन्हात चमकत होती आणि तो त्यांच्याकडे बघत नव्हता.

इतक्यात सायकल ढकलत मॉनिटर आली. समारंभाच्या वेषातच, वकिलाचा काळा गाऊन धुळीत लोळत. ती दुकानाच्या पायरीपाशी थांबली.

"हवा भरायची आहे," ती म्हणाली.

त्याने वाकून चाक दाबलं. हवा गच्च होती. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही, पण पंपाची नळी ओढली.

"हालू नकोस रे," शिवणबाई म्हणाल्या. रिकाम्या खोक्यावर बसून त्यांनी पिशवीतली छोटी कात्री काढली, त्याची डावी बाही हातात धरली आणि आत दुमडलेलं तीन बोटं कापड उसवायला घेतलं.