परमिट ज्याचं, त्याच्याच तोंडून

लोकांना वाटतं, लाईन सोडणाऱ्या बाईला लाईटबिल येत नसणार. बोईसरला आल्यापासून हे इतक्यांदा ऐकलंय की आता कुणी "तुम्हाला काय बाबा, लाईट फुकट!" म्हणालं की मी सरळ सांगते, "फुकट कसली? मी बिल थकवलं तर माझीच लाईट तोडायचा निरोप माझ्याच टेबलावर येईल." समोरचा हसतो. मी हसत नाही, कारण ते खरं आहे.

कुठल्या गावाची, कुठल्या कारखान्याची लाईन सोडायची, म्हणजे चालू करायची, आणि कुठली बंद करायची, हे कंट्रोल रूममध्ये बसून सांभाळायचं, हे माझं काम. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. नवरा एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत, तोही शिफ्टवाला. माझी नोकरी ठेकेदारामार्फत. जबाबदारी अख्ख्या परिसराची आणि पगार एका घराला जेमतेम पुरेल एवढा. पण कुरकुर करणं माझ्या स्वभावात नाही. मी भांडते. ठेकेदारानं ओव्हरटाइम दाबला की त्याच्यापुढे जाऊन उभी राहते आणि घेऊनच परत येते. भांडून हक्काचा पगार हातात पडतो, वाढत मात्र नाही, ही त्यातली गोम.

तरी आमचं बरं चाललं होतं, ते खोलीमुळे. मालक किनाऱ्याकडचे, वाडीवाले. बोईसरला स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर त्यांच्या चार खोल्या, त्यातली एक आमची. भाडं जुनंच, आजूबाजूच्या निम्मं. आम्ही त्यांना काका म्हणायचो. दिवाळीला ते चिकू पाठवायचे, आम्ही गावाकडचा गूळ द्यायचो. मुलीची शाळा समोरच, त्यामुळे रिक्षाचा खर्च नाही. महिन्याचं गणित जुळायचं ते त्या एका भाड्यावर. ती खोली गेली तर दोघांच्या पगारातही ओढाताण होणार, हे मला आणि नवऱ्याला पक्कं ठाऊक होतं.

काकांचा तारापूरकडे बर्फाचा कारखाना. बोटींना बर्फ तिथून जायचा. आणि तो कारखाना माझ्याच एका लाईनवर.

आमच्याकडे एक रिवाज आहे. लाईनमनला खांबावर चढायचं असलं की तो आधी फोन करून परमिट मागतो. मी लाईन बंद करते, स्विचवर "माणसं कामावर आहेत" अशी पाटी लावून घेते, मगच तो चढतो. काम संपलं की ते परमिट त्यानंच परत द्यायचं, स्वतःच्या तोंडानं. त्याच्या साहेबानं दिलेलं चालत नाही, सोबत्यानं दिलेलं चालत नाही. त्याचा आवाज येईपर्यंत ती पाटी देवानंही काढायची नाही.

त्या दुपारी काकांच्या लाईनवर खाजणाकडे, खाडीकाठच्या दलदलीत, तार तुटली होती. आमचा तिकडचा लाईनमन, शेजारच्या उमरोळीचा, परमिट घेऊन एका सोबत्याबरोबर गेला. बराच वेळ झाला, परमिट काही परत येईना. मी त्याला फोन लावला तर बंद. सोबत्याचा नंबर माझ्याकडे नव्हता. तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. काका.

"ताई, लाईन सोड. काम झालंय."

"काका, परमिट आलं नाही अजून."

"अगो, मी कारखान्याच्या दारात उबा हाय! दोगं खाली उतरले, गाडीला किक मारून गेले. माझ्या डोळ्यांनी बघितलं."

"तुम्हाला दिसले ते उतरले, काका. न दिसलेला कुणी वर असला तर?"

"कोण नाय वर! इथं माझ्या बर्फाचं पाणी होतंय, बोटीवाले माझ्या नावानं शिमगा करतायत, आनि तू मला कायदा शिकवतेस? माझ्या खोलीत राहतेस ना तू?"

बघा, इथं माझं डोकं फिरलं. त्याआधी मला त्यांची कीवच येत होती. बर्फ वितळतो म्हणजे माणसाचा पैसाच वितळतो, ते काय मला कळत नाही? पण खोलीचं नाव काढलं आणि मी म्हटलं, "खोलीत राहते, त्याचं भाडं देते. लाईनमनकडून परमिट परत आल्याशिवाय लाईन सुटणार नाही." आणि फोन ठेवला. समोर पाटी, एक बटण दाबायचा अवकाश, आणि माझं घर शाबूत. हा विचार मनात आला नाही असं मी म्हणणार नाही. आला. पण हात तिकडे गेला नाही, एवढं छातीठोक सांगते.

शेवटी लाईनमन स्वतःच दारात येऊन उभा राहिला, गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला. फोन खाजणात पडला होता आणि आमचा नंबर त्या फोनमध्येच. पाठ कुणाला असतो हल्ली? म्हणून गडी गाडीवरून थेट कंट्रोल रूमला आला होता. "मॅडम, सगली मानसं खाली हायत. परमिट परत." मी लाईन सोडली.

म्हणजे काका खरं बोलत होते. काम झालेलं होतं. वर कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काकांनी महिनाअखेर खोली मोकळी करायला सांगितलं. मी त्यांच्या पाया वगैरे पडले नाही. घरी मात्र रडले. चुकले म्हणून नव्हे, रागानं. नवरा म्हणाला, "वर कुणी नव्हतंच ना? मग कशासाठी घालवलंस घर?" मी म्हटलं, "तुला नाही कळायचं." त्याला कळायचं नाही असं नव्हतं, पण त्याच्या डोळ्यांपुढे नवं भाडं होतं, अनामत होती, मुलीच्या शाळेची रिक्षा होती. त्याचंही काही चुकत नव्हतं. बोईसरला परवडेना म्हणून शेवटी उमरोळीला घर मिळालं, तेही पहिल्यापेक्षा महाग. सबंध महिनाभर तो माझ्याशी कामापुरतंच बोलला.

सामान हलवायच्या दिवशी तोच लाईनमन टेम्पो घेऊन हजर. सोबत बायको. तिनं पदर खोचला आणि मला न विचारता भांडी बांधायला घेतली. लाईनमन सारखा म्हणत होता, "माझ्यामुलं झालं, मॅडम." मी म्हटलं, "तुमच्यामुळे काही झालं नाही. गप गादी उचला."

बायको मधेच थांबली. नवऱ्याला म्हणाली, "त्या दिवशी तुमी खरंच खाली उतरले होते?"

"कवाच. मी रस्त्याला लागलो होतो."

"म्हंजे बाईंची खोली फुकट गेली?"

माझा नवरा माझ्याकडे बघायला लागला. महिनाभर तोही हेच विचारत होता. मी म्हटलं, "फुकटच म्हणा. पण हे खाली उतरलेत, हे मला कुठं माहीत होतं?"

तिनं हातातला डबा खाली ठेवला. माझा हात धरला, चांगला घट्ट.

"ज्या दिवशी तुमाला म्हायत नसंल, त्या दिवशी असंच करा, बाई. खोली दुसरी मिलते."

नवऱ्यानं शेगडी उचलली आणि टेम्पोत नेऊन ठेवली. उमरोळीच्या भाड्यावरून त्या दिवसापासून तो मला एक अक्षर बोललेला नाही.