बोटभर फट

बिल्डिंगमधल्या बायका तिला पाठीमागे लखलख वहिनी म्हणायच्या आणि तिला ते ठाऊक होतं. तिला त्याचा राग कधीच आला नाही. उलट जिन्यात कुणी कुजबुजलं की ती मान आणखी ताठ करून वर जायची.

घर छोटंच होतं. बाहेरची खोली, आतली खोली, स्वयंपाकघर. त्यात वहिनी, तिचा नवरा आणि सासूबाई. सासूबाईंनी तीस वर्षं एका मोठ्या दवाखान्यात वॉर्ड पुसले होते. बादली आणि ओलं फडकं, गुडघ्यांवर बसून, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. त्यावरच त्यांनी मुलाला शिकवलं आणि मुलीला उजवलं. गुडघे तिथेच राहिले, हाताची सवय मात्र घरी आली. पहाटे उठायचं, फडकं पिळायचं, घर पुसायचं, मगच देवापुढे हात जोडायचे. काठी टेकत टेकत का होईना, त्यांनी हा नेम कधी चुकवला नाही.

जुनी फरशी उखडून बांबूच्या पट्ट्यांची पार्केट फरशी घालायचं वहिनीने ठरवलं. दुकानात ती तीन वेळा गेली. मधाच्या रंगाचा एक तुकडा पर्समध्ये घालून आणला आणि दिवसभर पडद्याला लावून बघत बसली.

"हे लाकूड नाही बरं का आई. बांबू म्हणजे जातीने गवत. लाकडापेक्षा कणखर. फक्त पाणी लावायचं नाही."

सासूबाई हसल्या. "जन्मभर मी गवताला पाणी घालतात असंच ऐकलं होतं."

नवरा खो खो हसला. वहिनी हसली नाही.

मिस्त्री आला तो खोक्यांसकट. खोकी चार दिवस खोलीत नुसती पडू दिली. बांबूला या घरच्या हवेची ओळख व्हायला हवी म्हणे. मग त्याने पट्टीला पट्टी अडकवत काम उरकत आणलं आणि भिंतीच्या कडेने चहूकडे बोटभर जागा मोकळी ठेवली.

"हे काय? फट कशाला?"

"वहिनी, हवा दमट झाली की हा फुगतो. त्याला हातपाय पसरायला जागा लागते. वरून कडेची पट्टी येईल, फट दिसायची नाही."

"दिसत नसली तरी असणार ना? कचरा साठेल, झुरळं घर करतील. मला डोळ्यांपुढे तीच दिसत राहील. भिंतीला भिडवा."

"तसं करत नाहीत हो."

"घर तुमचं की माझं?"

मिस्त्रीने हात झटकले. खिडकीकडची आणि दाराकडची बाजू त्याने भिंतीला घट्ट भिडवून दिली. त्या वेळी नवरा कामावर होता आणि सासूबाई आत पडल्या होत्या. हा संवाद ऐकणारं तिसरं माणूस त्या खोलीत नव्हतं. वरचा ऐकत असतो, पण तो लगेच बोलत नाही, हीच पंचाईत.

फरशी झाली आणि घराला नियम लागले. सासूबाईंच्या काठीला जुना मोजा बांधला. त्यांची खुर्ची खिडकीपाशी, खाली गोणपाट. गोणपाटाबाहेर पाय नाही. पाण्याचा तांब्या स्वयंपाकघरात. तहान लागली की हाक मारायची. वहिनी दुसऱ्या-तिसऱ्या हाकेला यायची, समोर उभी राहायची, आणि घोट संपेपर्यंत पेल्याखाली हात धरायची. बघणाऱ्याला वाटावं, काय सेवा करते ही!

"मला आता पाहुणी केलंयस गं," सासूबाई एकदा म्हणाल्या.

"पाहुणे बरे. ते परत तरी जातात," वहिनी म्हणाली. मस्करीच होती, असं तिने नंतर स्वतःला सांगितलं.

हवा दमट झाली. कपडे वाळेनात, माचिसची काडी पेटेना. एका सकाळी खिडकीपाशी चार पट्ट्या मधोमध उचलल्या गेल्या, छपरासारख्या. दार अडकून बसलं. नवऱ्याला ठेच लागली, अंगठ्याचं नख निघालं आणि तो ओरडला, "पाणी कुणी टाकलं इथे?"

वहिनीला क्षणात सगळं कळलं. खिडकीची बाजू, दाराची बाजू. तोंड उघडलंही होतं तिने. तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला.

"मी पुसलं रे. परवा. तुम्ही दोघं झोपला होतात. फडकं घट्ट पिळलं होतं मी, देवाशपथ. हाताला राहवलं नाही."

वहिनीने तोंड मिटलं. मग पुन्हा उघडलं आणि म्हणाली, "किती वेळा सांगितलं होतं, आई."

त्या दिवसानंतर सासूबाई मान वर करीनात. जेवताना पाणी मागेनात. नवऱ्याला वाईट वाटत होतं, पण रोज दाराशी झटापट करून तोही वैतागला होता. वहिनीनेच सुचवलं, "ताईंकडे जाऊ देत थोडे दिवस. फरशी सुकली की आणू."

लेकीचं घर एका खोलीचं, माणसं पाच. सासूबाईंनी पिशवी भरली आणि निघताना खिडकीपाशी थांबून, जिथे पट्ट्या उचलल्या होत्या तिथे वाकून हात लावला, ताप बघावा तसा.

मिस्त्री नंतर आला. कडेची पट्टी काढून भिंतीशी नख घालून बघितलं, नखसुद्धा शिरेना. त्याने कड कापून बोटभर जागा केली. आठ दिवसांत चारही पट्ट्या आपोआप खाली बसल्या. दार सुरळीत झालं.

"पाण्याचा काही संबंध नव्हता वहिनी. पिळलेल्या फडक्याने काय होतंय? तुम्ही जागाच ठेवली नव्हती त्याला."

"हे आमच्या यांना बोलू नका."

त्याने गोणपाट उचललं. खाली खुर्चीच्या पायांचे चार गोल वण. "आजी कुठे?"

"लेकीकडे. हौसेनं गेल्यात."

नवऱ्याला तिने सांगितलं, वरून बरी दिसते, पण आत ओल आहे, अजून वेळ लागेल. त्याने मान डोलावली. तो खाली वाकून बघणारा माणूस नव्हता. त्या चार वणांवर तिने एक कुंडी आणून ठेवली, रुंद पानांची. खोली भरल्यासारखी दिसायला लागली.

फोन दर दोन दिवसांनी यायचा.

"सुकली का गं?"

"नाही ना आई, अजून."

"पंखा लावून ठेव. खिडकी उघडी टाक. माझ्यामुळे तुला केवढा व्याप झाला."

"असू दे."

"ऐक ना, मी इथे फडक्याला हातच लावत नाही. ताई पुसते तेव्हा भिंतीकडे तोंड करून बसते. सवय मोडतेय बघ. म्हणजे तिकडे आले की चूक नाही व्हायची."

वहिनीच्या एका हातात फोन होता, दुसऱ्या हातात तांब्या. ती कुंडीला पाणी घालत होती.

"घाई करू नका," ती म्हणाली. "नीट मोडू दे."

फोन ठेवताना तांब्या कलंडला आणि ओंजळभर पाणी फरशीवर सांडलं. तिने पायानेच पायपुसणं ओढून ते टिपलं. वाकून निरखून बघितलं. फरशीला काही झालं नव्हतं.