द्रौपदीबाईंनी उशीला लावलेला सेन्सर

मुलुंडच्या वृद्धाश्रमातल्या द्रौपदी सावंतांनी मशीन चोरलं, अशी आवई गल्लीभर उठली. चोरलं कसलं, बाईंनी ते उशीला चिकटवलं होतं. डायपरवर लावायचा बटणाएवढा सेन्सर तो, ओल लागली की सिस्टरच्या मोबाइलवर घंटी वाजवणारा. द्रौपदीबाईंनी धसका घेतला होता, की जिची घंटी जास्त वाजते तिची रवानगी वरच्या मजल्यावर, अंथरुणाला खिळलेल्यांत होते. शेजारच्या खाटेवरची रुक्मिणी वर गेली ती परत आलीच नव्हती. म्हणून सेन्सर उशीला आणि पाणी, चहा सगळं बंद.

सकाळपासून घंटी नाही म्हणून दुपारी सिस्टर रश्मी बघायला आली, तर बाईंना चक्कर आलेली, ओठ सुकलेले. उशीवरचा सेन्सर बघून तिने विचारलं, तेव्हा बाईंनी वर पाठवतील ही भीती सांगितली.

"आजी, माझी वाट लावता काय? हा सेन्सर वर पाठवायला नाही. ओल्यात पडून कातडी सोलवटते ना, ती वाचवायला आहे. रुक्मिणीआजींना त्याच जखमांनी वर नेलं. तेव्हा हा सेन्सर आला कुठे होता?"

बाईंनी भीतभीतच अर्धा पेला पाणी घेतलं आणि सेन्सर उशीवरून काढून तिच्या हातात दिला.

"लाव गो बाय. पण घंटी ऐकून आली नाहीस, तर अशी बोंब मारीन की जुहूला ऐकू जाईल."