न चाखलेली दारू

मी दारू पीत नाही. हे पहिलेच सांगून टाकतो, कारण पुढे जे लिहिणार आहे ते सगळं वाईनबद्दल आहे आणि वाचणारा म्हणेल, म्हातारा पिऊन लिहिते.

माझ्या बापानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या दिवशी घरातलं मोहाचं मडकं अंगणात आपटून फोडलं. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. त्याच्या आधी मोहफुलं नीट आंबली की नाही, आज चुलीवर चढवायची की उद्या, हे घरात मीच सांगत असे. मडक्यावर नाक धरायचं आणि सांगायचं. चुकलो नाही कधी. मडकं फुटलं, नाक तेवढं राहिलं.

शाळा चौथीपर्यंत. पुढे स्वयंपाक शिकलो. ऐंशीच्या नंतरच्या सालांत आलापल्लीच्या पुढे, सागाच्या जंगलातल्या एका सरकारी बंगल्यावर मी खानसामा होतो. रोजंदारीवर. सात वर्षं झाली होती. मला कायम करण्याचे कागद जंगलखात्याच्या साहेबांच्या टेबलावर पडून होते, फक्त सही राहिली होती. सही झाली असती तर राहायला क्वार्टर होतं, म्हातारपणी पेन्शन होती. बायकोनं क्वार्टरच्या मागे अंबाडी कुठं लावायची तेही ठरवून ठेवलं होतं.

एक दिवस साहेब दोन बाटल्या घेऊन स्वयंपाकघरात आले. एक लाल, एक पांढरी. पांढरी म्हणजे पिवळसर, वाळल्या गवताच्या रंगाची.

"उद्या दुपारी परदेशी पाहुणा आहे. लाकडातला मोठा जाणकार. त्यानंच भेट दिल्यात. पांढरी माशाबरोबर, लाल मटणाबरोबर. समजलं? जेवण चांगलं झालं तर तुझा कागद मी संध्याकाळीच मोकळा करतो."

"समजलं साहेब," म्हणालो. पण समजलं नव्हतं. मासा म्हणजे कोणता मासा? आमच्याकडे मरळ करतात ती अंबाडीच्या पाल्यात, जीभ कापेल अशी आंबट. ती दारू कशी आहे हे माहीत नसताना पुढे काय ठेवू? आंधळ्यासारखं वाढायचं माझ्यानं होत नाही. हा माझा स्वभाव आहे, त्याला इलाज नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाटल्या उघडल्या. बूच निघेना, तर दाराच्या बिजागरीचा स्क्रू त्यात फिरवला आणि पक्कडीनं ओढून काढलं. दोन वाट्यांत थोडी थोडी ओतली आणि चुलीच्या कडेला ठेवली, कारण ऊब लागल्याशिवाय वास खुलत नाही. मोहाचंही तसंच असते. पांढरीचा वास कच्च्या पेरूसारखा आला, वर थोडी कैरी. तिच्या शेजारी अंबाडीचा रस्सा धरला, तर दोन आंबट एकमेकांच्या उरावर बसले. रस्सा बाजूला केला. मरळीला नुसतं मीठ, हळद, लसूण लावलं, पळसाच्या पानात बांधली आणि निखाऱ्यात भाजली. पुन्हा नवी वाटी ओतली, पुन्हा वास घेतला. आता दोघं गुण्यागोविंदानं बसले.

लाल होती पिकल्या जांभळाची, आणि खाली ओल्या सागाच्या भुशाचा वास. नाकातूनच तोंड आवळायची. हिला चरबी पाहिजे, असं मनानं घेतलं. बोकडाचं चरबीचं मटण घेतलं, तिखट अर्ध्यावर आणलं, खोबरं जास्त भाजलं आणि थोडा भाजलेला जवस वाटून घातला. वाट्यांतली दारू मागच्या राखेत ओतून दिली. एक थेंब जिभेला लावला नाही. मनातही आलं नाही.

जेवण झालं. मी दाराआड उभा. पाहुण्यानं मासा खाल्ला, पेला उचलला आणि थांबला. मटणाला तर दोनदा मान हलवली. मग साहेबांना काही विचारलं. साहेबांनी मोठ्या खुशीत हाक मारली, "ये रे इकडे! हे म्हणतात, असं जुळलेलं जेवण त्यांना मुंबईतसुद्धा मिळालं नाही. विचारून राह्यले, ही जोडी जमवली कुणी? चाखून पाहिलं कुणी?"

सात वर्षांत मला असं कोणी विचारलं नव्हतं. मी छाती काढून सांगितलं, "मीच साहेब. वासानं जमवली."

साहेब हसले. मग त्यांची नजर बाटल्यांवर गेली. हसू तसंच तोंडावर राहिलं, पण डोळे बदलले.

"आम्ही एकेकच पेला घेतला. वासानं बाटली आणखी चार बोटं खाली जाते काय रे?"

"वाटीत ओतली होती. मंग राखेत फेकली."

"परदेशी दारू राखेत? मला येडा समजतो?"

"मी पेत नाई साहेब. तुमाले मालूम आहे."

"आता नाही मालूम."

साहेबांनी डेपोच्या गार्डाला हाक मारली. तो व्हरांड्यातच बसला होता. लाकडाच्या डेपोत रोज सकाळी हजेरीच्या वेळी मजूर रांगेत उभे राहत आणि एकेक जण त्याच्या नाकाशी तोंड नेऊन फूक मारी. मोहाचा वास आला की त्या दिवसाची हजेरी कापली. मी बंगल्यावरून रोज पाहत होतो. तोंडं उघडी, माना वाकलेल्या. बाजारात बैलाचे दात पाहतात तसं.

"याची फूक घे," साहेब म्हणाले.

गार्ड जवळ आला. मी तोंड मिटलं.

"भाऊ, मार नं एक फूक," तो हळू बोलला. "काय जाते तुयं? पेला नाई त भेव कायचं?"

"मी सांगतलं नं, पेलो नाई. तेवढं बस आहे."

"काऊन असा करून राह्यला गा? सही बाकी हाय तुयी!"

पाहुणा टेबलावरून बघत होता. माझ्या हातचं मटण त्याच्या ताटात होतं. त्याच्यासमोर माझं तोंड हुंगलं जाणार होतं. मी खांद्यावरचं फडकं काढलं, घडी केली, टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवलं आणि मागच्या दारानं निघालो.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. ती भांडली नाही. एवढंच बोलली, "एक फूकच त मांगतली होती." ते वाक्य तिनं पुन्हा कधी काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं, मी भांडून तरी घेतलं असतं.

त्या बंगल्यावर दुसरा खानसामा आला आणि वर्षाच्या आत कायम झाला. मी आरमोरीला, चिमूरला हॉटेलांत काम पाहिलं. पण ही गोष्ट माझ्या आधी तिथं पोचलेली असे. साहेबाची बाटली पिणारा तो हाच. स्वयंपाकघरात मला कोणी घेईना. पावसाळा आला, घरातले तांदूळ संपत आले, तेव्हा एकच काम उरलं. लाकडाच्या डेपोतलं.

पहिल्या सकाळी मी रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आला. गार्ड तोच. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, नुसतं नाक पुढं केलं.

मी फूक मारली.

"जा," तो बोलला.

अकरा वर्षं मारली. त्या अकरा वर्षांत एकदाही त्याला माझ्या तोंडाला दारूचा वास आला नाही, आणि ही गोष्ट त्यानं साहेबांना कधी सांगितली नाही. सांगून तरी काय झालं असतं? साहेबांची बदली झाली होती. माझा कागद त्यांच्याबरोबर गेला, की त्या टेबलाच्या खणातच वाळवीनं खाल्ला, मला माहीत नाही.