वहिनीच्या गोळ्या

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी धुळ्यात एका खाजगी प्रयोगशाळेत रक्त तपासायचो. थोरल्या भावाने अमळनेरजवळच्या गावाहून वहिनीला आणलं. तिला सारखा थकवा, अंगावर निळे डाग. मीच तिच्या बोटाला सुई टोचली. काचपट्टीवर कच्च्या पांढऱ्या पेशींची गर्दी दिसली. डॉक्टर म्हणाले, रक्ताचा कॅन्सर, मुंबईला न्या.

वहिनी बाहेर बाकावर होती. भाऊने मला जिन्याखाली ओढलं.

"पोरनी सुपारी फुटेल शे. सोयरासले समजनं तं?"

थोरल्या पुतणीचं लग्न ठरलं होतं. भाऊचं म्हणणं, घराण्याचं रक्तच खराब म्हटलं की सोयरे ते मोडतील, धाकटीलाही स्थळ येणार नाही. लग्नानंतर मुंबईला नेऊ; तोवर पंडुरोग सांगायचा.

"भाऊ, ती विचारेल."

"ती तुनंच ऐकस."

मी लोहाच्या गोळ्यांची बाटली दिली. रक्त कमी आहे म्हणालो.

"इतलंच शे ना भाऊजी? मंग मी मायकडे एरंडोलले जाई येस."

"आनि लगनना पापड तुनी माय करी का?" भाऊ म्हणाला. वहिनी हसली.

त्यानंतर ती पुन्हा पुन्हा तपासणीला यायची. सांगावं तर पुतणीचं लग्न मोडेल, न सांगावं तर हिचे दिवस जातायत. काचपट्टीवरची गर्दी वाढत होती आणि मी "सुधारतंय" म्हणत होतो. एरंडोलला ती गेलीच नाही. पुतणीच्या अंगावरची हळद उतरायच्या आत वहिनी गेली. सुतकात बायका बोलू लागल्या, गोळ्याच खात नव्हती, हट्टी होती. भाऊ गप्प राहिला. मीही.

माझी नात पुण्यात रक्तावर संशोधन करते. तिने सांगितलं, पेशीतले काही आरएनए प्रथिनं बनवत नाहीत, म्हणून पूर्वी ते निरुपयोगी समजले जायचे. पण रक्तपेशी कधी वाढेल, कधी पक्व होईल, यावर त्यांचाही ताबा असतो. तो सुटला की कच्च्या पेशी वाढत राहू शकतात.

"हे आईकडून लेकीत येतं?" मी विचारलं.

"बहुतेक वेळा नाही, आजोबा. बिघाड त्या माणसाच्या हाडांतल्या मज्जेतच होतो, जन्मानंतर."

म्हणजे घराण्याच्या रक्तातल्या ज्या डागाला भिऊन आम्ही तिला अंधारात ठेवलं, तो बहुधा नव्हताच. असता तरी तिला सांगायला हवं होतं.

पुतणी आजही घरात कुणी औषध टाळलं की म्हणते, माझी आई अशीच गेली. तिच्यासाठी हे लिहितोय. बाई, तुझ्या आईने एकही गोळी चुकवली नाही. बाटली संपली की ती स्वतः धुळ्याला यायची, रिकामी बाटली माझ्यापुढे ठेवायची, आणि मी तिला नवी द्यायचो.