पुढचा नंबर

दोन वर्षांपूर्वीच्या सव्वीस जानेवारीला गावच्या हायस्कूलनं मला स्टेजवर बसवलं. नवरा फौजेत, तोही रस्त्यात पुरलेले बॉम्ब काढणाऱ्या तुकडीत, म्हणजे बाई अंगावर काटा आणणारं काहीतरी बोलेल असं त्यांना वाटलं असावं. हेडमास्तरांनी शाल दिली, नारळ दिला आणि विषयही दिला. जवान आपल्या जिवाची बाजी का लावतो, यावर पाच मिनिटं बोला. मी माईकसमोर गेले आणि म्हटलं, "मला माहीत नाही. लग्न झाल्यापासून मी नवऱ्याला हेच विचारते, तो सांगत नाही. तुमच्यापैकी कुणाला कळलं तर मला डेअरीवर येऊन सांगा." पोरं हसली. हेडमास्तरांनी माईक काढून घेतला आणि जयघोष सुरू केला.

मी गावच्या दूध डेअरीत दुधाची फॅट तपासायचं काम करते. सकाळ-संध्याकाळ सगळं गाव किटल्या घेऊन माझ्यासमोरून जातं, त्यामुळे गावाचं तोंड मला पाठ आहे. त्या दिवशी संध्याकाळी एकजण म्हणालाच, "वैनी, आसं बोलाय नगं हुतं. देशाचा मान हाय त्यो." याच माणसाचा मुलगा भरतीला पळायला जायचा, तर यानं त्याला काकाच्या दुकानात बसवला होता. मी म्हटलं, "तुमचं पोरगं पाठवा की मग, मान घेऊन येईल." त्यानं किटली उचलली आणि गेला. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांचा मला पहिल्यापासून तिटकारा आहे. नवऱ्याच्या वाढदिवसाला हीच मंडळी चौकात फ्लेक्स लावतात, त्यावर त्याच्या हातात कुठली तरी भलीमोठी बंदूक चिकटवलेली असते. माझा नवरा बंदुकीपेक्षा पक्कड जास्त हातात धरतो, हे त्यांना ठाऊकही नाही.

मला ठाऊक आहे, कारण एकदा मी त्याच्याकडून वदवून घेतलं होतं. तो बोलायला भलताच कंजूष माणूस. सुट्टीवर आला की म्हशी धुणार, कुंपण बांधणार, कडबाकुट्टीची पाती घासणार, पण तिकडचं विचारलं की "बरं चाललंय." एका सुट्टीत मी जेवणाचं ताट त्याच्यापुढे ठेवलंच नाही. आधी सांगा, मग जेवा. तेव्हा थोडं बोलला.

सकाळी गाड्या निघायच्या आधी हे लोक रस्ता चालत तपासतात. पुढं कुत्रं असतं, यंत्र असतं. रस्त्याखालच्या मोरीत, खड्ड्यात, कडेच्या दगडांत कुठं काही पुरल्यासारखं वाटलं की सगळे मागं सरतात आणि एकच माणूस पुढं जातो. मोकळं रान असेल तर जागेवरच उडवून देतात. शेजारी वस्ती असेल, पूल असेल, तर हातानं सोडवावं लागतं.

"एकटाच का?" मी विचारलं.

"दोघं गेलं तर दोघं जातील की."

"आणि तो एक तुम्हीच का?"

"मी एकटाच न्हाय. नंबर असतोय. आज माझा, फुडल्या टायमाला दुसऱ्याचा. कोण सुट्टीवर असला, तापानं पडला, तर त्येच्या फुडचा जातोय."

"आणि तुम्ही नाही म्हटलं तर?"

"फुडचा जातोय."

"मग जाऊ दे की!"

त्यानं माझ्याकडे बघितलं, ताट स्वतःच ओढून घेतलं आणि जेवायला लागला. सोळा वर्षांच्या संसारात या विषयावर मला मिळालेलं उत्तर एवढंच. जाऊ दे की, असं मी म्हटलं ते मनापासून म्हटलं होतं. पुढचा कोण, त्याची बायको कोण, मला काय करायचं होतं? ज्याचं जळतं त्याला कळतं. माझं जळत होतं.

त्या भाषणाच्याच वर्षी मे महिन्यात तो सुट्टीवर आला तेव्हा एक कागद बरोबर घेऊन आला. नोकरीची बावीस वर्षं भरत आली होती. आणखी दोन वर्षं वाढवून हवी असतील तर तसं लिहून द्यायचं, नको असतील तर पेन्शन घेऊन घरी यायचं. मुदत डिसेंबरपर्यंत होती. मला तो घरी हवा होता, दोन्ही हातांसकट, दोन्ही पायांसकट. मी तसं सांगितलं, ओरडून सांगितलं, दोन दिवस अबोला धरून सांगितलं. तो म्हणाला, "बघू." कागद घडी करून कपाटात ठेवला. माझा जीव त्या घडीत अडकला.

माझं आणि सासूबाईंचं कधी पटलं नाही. आमटीतल्या मिठापासून म्हशीच्या नावापर्यंत आमचं भांडण असतं. पण त्या मे महिन्यात आमचं एकमत झालं. सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी मी चुलीपाशी त्यांना म्हटलं, "आत्या, उद्या तुम्ही पडा." त्यांनी काही विचारलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "कवा पडू? च्याच्या आधी का नंतर?"

हे आमच्याकडं नवीन नाही. फौजेची गावं असलेल्या भागात हा जुना रिवाज आहे. पूर्वी सुट्टी मिळावी म्हणून तारा करायचे, आई सीरियस, बाप सीरियस. आमच्या गावातला एक म्हातारा खरा मरायच्या आधी तारेनं दोनदा मरून झाला होता. साहेब लोकांनाही हे कळतं, तेही दहातल्या चार वेळा कानाडोळा करतात. त्यामुळे मला त्यात पाप वाटलं नाही. नवऱ्याला आणखी चार दिवस घरात ठेवायचं, त्या चार दिवसांत त्याचं मन वळवायचं, असा माझा बेत होता.

सासूबाई चहानंतर पडल्या. अंगणात, तुळशीपाशी, बेतानं. "डोळं फिरल्यागत व्हायला लागलंय रं लेकरा," एवढं त्या अशा काही म्हणाल्या की मी खरंच पाणी आणायला धावले. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी सलाईन लावलं. म्हाताऱ्या माणसाला चक्कर म्हटल्यावर लावतातच. दुसऱ्या दिवशी घरी आणलं. नवऱ्यानं युनिटला फोन केला आणि दहा दिवस सुट्टी वाढवून मिळाली. त्या दिवसांत मी त्याच्या आवडीचं सगळं केलं. पांढरा रस्सा केला, खर्डा केला, डेअरीवर बदली बाई बसवली. तोही खुशीत होता. आईचे पाय चेपायचा, संध्याकाळी माझ्याबरोबर मळ्यात यायचा. एकदा म्हणाला, "हितं म्हसरं वाढवूया चार." मी मनात म्हटलं, वळलं मन.

सहाव्या दिवशी दुपारी फोन आला. तो घरामागच्या परड्यात कडबाकुट्टीपाशी बसला होता. बराच वेळ नुसतं ऐकलं, मग विचारलं, "कुठला पाय?"

मी दारातच थांबले. त्यानं फोन ठेवला. मी विचारल्यावर म्हणाला, "शाहूवाडीचा. मलकापूरजवळचा. मीच शिकवलाय त्येला."

"त्याचा नंबर होता?"

"माझा हुता."

खरं सांगते, त्या क्षणी मला बरं वाटलं. आपला नाही गेला, असं पहिल्यांदा मनात आलं आणि हातपाय हलके झाले. मग त्या मलकापूरच्या माणसाचा राग आला. नीट बघून पाऊल टाकायला काय झालं होतं याला? असं वाटणं नीच आहे हे मला तेव्हाही कळत होतं, तरी वाटलं.

नवरा आत गेला आणि बॅग भरायला लागला. सुट्टीचे चार दिवस शिल्लक होते. सासूबाई खाटेवरून उठून बसल्या, पुन्हा पडायचं की काय हे त्यांना कळेना. तो त्यांच्याकडे न बघता म्हणाला, "ऱ्हाऊ दे आता, आये. दवाखान्यातनं आणलं त्याच दिवशी कळलं हुतं मला. सलाईनच्या पट्टीला भाकरीचं पीठ हुतं."

"मग राहिलात कशाला?" मी किंचाळलेच.

शर्टाची घडी घालता घालता तो म्हणाला, "ऱ्हावंसं वाटलं."

संध्याकाळच्या गाडीनं तो गेला. स्टँडवर मी त्याच्याशी बोलले नाही. एवढं कळत होतं तर त्याच दिवशी दोघींच्या मुस्काटात मारायची होती आणि जायचं होतं. आमच्या सोंगात स्वतः येऊन बसला आणि आता पाप तिघांत वाटून दिलं, याचा मला संताप आला होता. सहा महिने फोनवर आमचं बोलणं म्हशी आणि औषधं यापलीकडं गेलं नाही.

डिसेंबरात तो आला. कागद कपाटात तसाच. आल्यावर पहिल्यांदा म्हणाला, "त्यो पुण्याच्या हॉस्पिटलातनं घरी आलाय. बघून येऊ."

"तुम्ही जावा."

"तू बी चल."

मोटारसायकलवरून गेलो. सबंध रत्नागिरी रोडभर मी त्याच्या पाठीशी भांडायची तयारी करत होते. मलकापूरच्या अलीकडं आत वळून त्यांचं घर. तो माणूस ओट्यावर खुर्चीत बसला होता, डावीकडं गुडघ्याखाली नवा बसवलेला पाय, पायांत चपलेचा नवा जोड. नवऱ्याला बघून "उस्ताद!" म्हणून उठायला गेला आणि खुर्ची कलंडली. नवऱ्यानं त्याला धरलं. दोघं जोरजोरात काहीतरी चेष्टा करत हसायला लागले. मला ते हसणं सहन होईना, म्हणून मी आत गेले.

आत त्याची बायको चहा ठेवत होती. पंचविशीची असेल. माझ्याकडे बघून हसली, पाट दिला, आणि पहिलाच प्रश्न विचारला, "वैनी, आत्यांची तब्येत कशी हाय आता? लई आजारी हुत्या म्हणं त्या टायमाला. हे दवाखान्यात सारखं इचारायचे, उस्तादांची आई वाचली का म्हणून."

बऱ्या आहेत, असं म्हटलं असतं तर संपलं असतं. जिभेवर होतंही. पण पाय गेलेला माणूस माझ्या सासूची चौकशी करत होता हे ऐकलं आणि मला ते गिळता आलं नाही.

"त्या आजारी नव्हत्या," मी म्हटलं. "मी झोपवलं होतं त्यांना. ह्यांना पाठवायचं नव्हतं म्हणून."

तिनं गॅस बारीक केला. माझ्याकडे वळली. तिनं शिव्या द्याव्यात, हाताला लागेल ते फेकून मारावं, अशी मी वाट बघत होते. मला ते बरं वाटलं असतं. तिचा आवाजसुद्धा चढला नाही.

"माजी सासू सरळ हाय," ती म्हणाली. "तिला असलं जमलं नसतं."

तिनं फळीवरून कप काढले.

"उस्ताद परत जाणार हाईत?"

"ठरलं नाही. दोन वर्षं वाढवायचा कागद आहे. मी नको म्हणतेय."

"उस्ताद घरी आलं तर तिथं कोण जाणार? ह्यांच्या मागं कुणाचा नंबर हाय?"

मला ते माहीत होतं. नवऱ्यानं आदल्या रात्री न विचारता सांगितलं होतं. "बीडकडचा कुणीतरी आहे. नवीनच आहे."

"लगीन झालंय?"

"गेल्या वर्षी."

तिनं चहा चार कपांत गाळला. गाळणं बाजूला ठेवलं, पदरानं कपांची बुडं पुसली. मग म्हणाली, "उस्तादास्नी आडवू नगासा. त्यास्नी येतंय त्ये. त्या पोरीला कुठनं सुचायचं सासूला झोपवायचं?"

तिनं ट्रे माझ्याकडे सरकवला. "तुमीच न्या भाईर. माज्या हातातनं सांडंल."

चहा घेऊन बाहेर गेले तेव्हा नवरा त्याच्या नव्या पायाचा पट्टा घट्ट करून देत होता, आणि तो "उस्ताद, लई आवळू नगा," म्हणत होता. मी दोघांना कप दिले. माझा प्यायले नाही.

घरी आल्यावर मीच कपाटातला कागद काढला आणि त्याच्यापुढे टाकला. "करा सही."

"खरंच?" तो म्हणाला.

"मला काही विचारू नका. करा आणि द्या पाठवून."

त्यानं सही केली. नंतर बराच वेळ तो बोलायचा प्रयत्न करत होता, मी भांडी आपटत राहिले. सासूबाईंनी आठ दिवस मला शिव्या घातल्या. घालू देत.

आता त्याला पुन्हा जाऊन सव्वा वर्ष होत आलं. सकाळी डेअरीवर माणसं रांगेत असतात आणि माझं निम्मं लक्ष फोनवर असतं. दहाच्या सुमारास रस्ता मोकळा झाला की त्याचा फोन येतो. "बरं चाललंय." मध्ये एकदा मी विचारलं, बीडचा तो कसा आहे? मजेत आहे म्हणाला. मुलगी झालीय त्याला, बारशाला गावी जाऊन आला. त्या दहा दिवसांत त्याचे दोन नंबर माझ्या नवऱ्यानंच केले. ती बीडची बाई मला ओळखत नाही, कधी ओळखणारही नाही. लेक झाली, चांगलं झालं. पण मला तिचाही राग येतो.